उसनं बोट

कंट्रोलरांनी बत्तीस वर्षं माइकवरून थापा मारल्या, आणि तेही सरकारी पगार घेऊन. शहरातल्या मोठ्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून, गाडी कुठल्या घाटात रुसून बसली आहे याचा काडीचा पत्ता नसताना ते खणखणीत आवाजात सांगत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गाडी दहा मिनिटांत येत आहे." दहा मिनिटं झाली की पुन्हा दहा. त्यांचा अनुभव असा, की माणसाला दहा मिनिटं सांगितली तर तो निमूट उभा राहतो, दोन तास सांगितले तर भांडतो, आणि 'माहीत नाही' म्हटलं तर खिडकीच फोडतो. त्यामुळे 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांनी नोकरीत कधी तोंडातून काढले नाहीत. घरी तर नाहीच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कंट्रोलरीणबाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर तयार असे, मग ते बरोबर असो की चूक.

निवृत्तीनंतर तीन वर्षांत त्यांची फुफ्फुसं कडक होत गेली आणि खिडकीच्या अलीकडे, प्रवाशांच्या जागी, उभं राहायची पाळी त्यांच्यावरच आली. नवी फुफ्फुसं मिळाली तरच पुढचं काही खरं, असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांचं नाव यादीत घातलं. त्याला आता चौदा महिने झाले होते. दाराशी कपड्यांची बॅग भरलेली होती. तिच्यातले कपडे बाई दर ऋतूला बदलत. टेबलावर फोन होता. इस्पितळातून बोलावणं आलं की दोन तासांत पोचायचं, म्हणून त्या फोनवर दुसऱ्या कुणी गप्पा मारायला सुरुवात केली की कंट्रोलर त्याला "लाइन मोकळी ठेवा" म्हणून कापून काढत. सख्ख्या मुलीलाही त्यांनी वाढदिवसाच्या दिवशी अर्ध्या मिनिटात निरोप दिला होता.

प्राणवायूचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरत असे. त्याची लांब नळी कंट्रोलरांच्या नाकापासून निघून घरभर फिरे आणि बाई ती दिवसातून शंभरदा ओलांडत. शिवाय इस्पितळाने बोटाला लावायचा एक चिमटा दिला होता. त्यात दोन आकडे उमटायचे, एक रक्तातल्या प्राणवायूचा आणि एक नाडीचा. दिवसातून तीन वेळा बोटाला चिमटा लावायचा, आकडे वहीत लिहायचे आणि संध्याकाळी प्रत्यारोपण विभागाला फोनवरून पाठवायचे. हे काम कंट्रोलरांना मनापासून आवडलं. वेळापत्रक, वही, लाल पेन, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं.

मग दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी, नुसतं खुर्चीत बसलेलं असताना, चिमट्याने सत्त्याऐंशी दाखवले. कंट्रोलरांनी चिमटा झटकला, पुसला, दुसऱ्या बोटाला लावला. शहाऐंशी.

नेमका त्याच दिवशी मेव्हणा आला. हा बाईंचा धाकटा भाऊ. तरुणपणी तीन वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्याच्या बळावर तो स्वतःला पाऊण डॉक्टर समजत असे, आणि उरलेल्या पावासाठी डॉक्टरांना नावं ठेवत असे. आकड्याबद्दल कंट्रोलरांनी अवाक्षर काढलं नाही, नुसतं सहज विचारावं तसं विचारलं, की या यादीत कुणाला पुढे घेतात?

"अहो भाऊजी, सोपं आहे," मेव्हणा बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "बाकी माणूस ठणठणीत असेल त्याला. आकडे घसरले की नाव कट. एवढी महागामोलाची वस्तू ते वाया घालवतील होय?"

कंट्रोलरांना हे लगेच पटलं. भंगारात काढायच्या गाडीला त्यांच्या खात्याने कधी नवे टायर घातले नव्हते. मेव्हणा गेल्यावर त्यांनी बराच वेळ वहीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. बोट दे."

बाई ओला हात पुसत आल्या. चिमट्यात अठ्ठ्याण्णव उमटले. कंट्रोलरांनी ते लाल पेनाने, सुवाच्य अक्षरात, आपल्या नावाखाली लिहिले.

त्या दिवसापासून घरात एक नवीनच नेम सुरू झाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ कंट्रोलर हाक मारत, "अगं, बोट," आणि बाई येऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांना नवल वाटलं. चौथ्या दिवशी त्या हाक मारायच्या आधीच येऊन बसल्या. चाळीस वर्षांत या माणसाने आपलं डोकं दुखतंय का, एवढंही विचारलं नव्हतं, आणि आता स्वतः एवढा आजारी असताना दिवसातून तीनदा आपली तपासणी करतो, या विचाराने त्यांना भरूनच यायचं. बाईंना जिन्यात शेजारणीला सांगताना कंट्रोलरांनी ऐकलं, "बोलून दाखवत नाहीत, पण फार जीव आहे हो माझ्यावर." कंट्रोलर खुर्चीत चुळबुळले. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर बोट गेलं, बोट गेलं तर आकडा गेला, आणि आकडा गेला तर नाव गेलं. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं आणि दुपारचे सत्त्याण्णव लिहिले.

अशी गाडी सुरळीत चालली असताना इस्पितळातून फोन आला. बाईंनी धावत जाऊन बॅग उचलली. पण बोलावणं नव्हतं. 'पॅलिएटिव्ह' नावाच्या विभागातल्या डॉक्टर मंगळवारी दुपारी चार वाजता घरी भेटायला येणार होत्या, त्रास कमी कसा करता येईल ते बघायला.

"पॅलिएटिव्ह?" मेव्हण्याने ऐकल्याबरोबर कप खाली ठेवला. आवाज एकदम खाली नेला. "भाऊजी, ती आराम देणारी माणसं. दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही की मग येतात. यांनी घरात पाऊल टाकलं म्हणजे समजायचं."

काय समजायचं ते त्याने सांगितलं नाही. स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. भांडी तर बाईंनी मघाशीच घासून ठेवली होती.

कंट्रोलर मात्र हातपाय गाळणाऱ्यातले नव्हते. तपासनीस येणार म्हटल्यावर अख्खं स्थानक एका रात्रीत रंगवून काढणारा माणूस तो. मंगळवारी त्यांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. ओठांवर अलीकडे निळसर झाक येत असे, तिच्यासाठी बाईंच्या कपाटातून लिपस्टिक काढली आणि करंगळीने जराशी, अगदी जराशी लावली. खरी अडचण बोलण्याची होती. एका दमात त्यांच्याच्याने चारच शब्द निघत, पाचव्याला धाप लागे. तेव्हा त्यांनी आरशासमोर बसून चार-चार शब्दांची उत्तरं पाठ केली. 'मी अगदी ठीक आहे.' 'झोप छान लागते मला.' 'भूक तर भरपूर आहे.'

चार वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर आल्या. कंट्रोलरांनी मनात उशिराची नोंद केली. तपासनीस म्हणून त्यांनी कुणी गंभीर, चष्मेवाला माणूस कल्पिला होता. ही तर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती, खांद्यावर भली मोठी पिशवी, आणि तीन मजले चढून तीच धापा टाकत होती.

"काकू, आधी पाणी द्या," ती म्हणाली आणि खुर्ची सोडून स्टुलावर बसली. "काका, आज आपल्या दोघांत पेशंट मीच दिसतेय. कसे आहात?"

"मी अगदी ठीक आहे."

"झोप?"

"झोप छान लागते मला."

"आणि जेवण?"

"भूक तर भरपूर आहे."

डॉक्टरने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "काका, तुम्ही तार केल्यासारखं बोलताय. शब्दाला पैसे पडतात का?"

बाई हसल्या. कंट्रोलर हसले नाहीत, कारण हसायला पाचव्या शब्दाहून जास्त दम लागतो. त्यांनी मानेनेच टेबलावरच्या वहीकडे खूण केली. आपलं हुकमी पान ते उशिरापर्यंत राखून ठेवणार होते, पण आताच टाकलेलं बरं असं त्यांना वाटलं.

डॉक्टरने वही उघडली आणि पानं उलटली. "बापरे," ती म्हणाली, "हे आकडे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत." कंट्रोलरांची छाती फुगली, म्हणजे तिला फुगता येत होतं तेवढी. "फक्त हे बारा तारखेचं बघा. दुपारी प्राणवायू अठ्ठ्याण्णव, पण नाडी एकशे बत्तीस? काय केलंत त्या दिवशी?"

"काही नाही. चाललो थोडा."

"अहो, तुम्ही कुठे चाललात?" बाई मदतीला धावल्या. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल. "बारा तारखेला ती गच्चीवरची चादर नाही का उडाली? मी तिच्यामागे खाली रस्त्यापर्यंत पळाले आणि तशीच वर आले. नुसती धापा टाकत होते. आल्या आल्या यांनी माझं बोट घेतलं."

"असं," डॉक्टर म्हणाली. कंट्रोलरांनी छताकडे पाहिलं. "आणि अठरा तारखेला सगळा दिवस आकडा जरा कमी आहे, चौऱ्याण्णव."

"त्या दिवशी मला ताप होता की. सर्दीने नाक चोंदलं होतं." हे सांगताना बाईंचा आवाज जरा अडखळला.

"आणि परवा रविवारी, दुपारची ओळ कोरी?"

बाईंनी वहीकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं आणि मग आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

"रविवारी दुपारी," त्या सावकाश म्हणाल्या, "मी बहिणीकडे गेले होते."

बत्तीस वर्षांत एकही थाप अंगाशी आली नाही, आणि ही आली ती एका उडालेल्या चादरीपायी. कंट्रोलरांना बायकोच्या डोळ्यांकडे बघवेना. डॉक्टरने काही न बोलता चिमटा उचलला आणि त्यांच्याच बोटाला लावला.

चौऱ्याऐंशी.

"यंत्र दोनवर ठेवायला सांगितलंय," कंट्रोलर म्हणाले. एकदा बिंग फुटल्यावर सगळंच बाहेर पडू लागलं, तेही चार-चार शब्दांत. "मी चारवर ठेवतो गुपचूप. रात्री आडवं होववत नाही. बसूनच काढतो. गुदमरायला होतं. भीती वाटते फार." मग थांबून त्यांनी दम खाल्ला. "आता नाव कट करा."

"कशाचं नाव?"

"यादीतलं. आकडे घसरले की काढतात. तुम्ही त्यासाठीच आलात."

डॉक्टरने वही मिटली. ती हसली नाही, रागावलीही नाही, पण स्टूल जरा पुढे ओढलं. "हे कुणी सांगितलं, ते मी विचारत नाही," ती म्हणाली. बाईंनी मनातल्या मनात भावाचं श्राद्धच घातलं. "काका, एक तर मी कुणाचं नाव काढायला येत नाही. गाडी आणणं किंवा थांबवणं माझ्या हातात नाही. ती येईपर्यंत माणसाला नीट थांबता यावं, एवढंच माझं काम. तुमची यादी तशीच चालू राहणार. आणि दुसरं, ती यादी म्हणजे तुमच्या स्थानकावरची रांग नाही. रक्तगट जुळायला लागतो, माप जुळायला लागतं, आणि त्यातही जो जास्त अडलेला असेल त्याचा आधी विचार होतो. शरीर ऑपरेशन झेपण्यासारखं हवं, हे खरं. ते तर तुमचं आहे. पण या वहीप्रमाणे तुम्हाला काही घाईच नाहीये."

कंट्रोलरांना हे समजायला जरा वेळ लागला.

"म्हणजे दोन महिने मी..."

"दोन महिने तुम्ही सगळ्यांच्या मागे उभे राहून हात हलवताय, की माझं मजेत चाललंय, तुम्ही व्हा पुढे."

कंट्रोलरांनी डोळे मिटले. कितीतरी वेळा त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं, गाडी फलाटावर लागते आणि तिच्यासाठी सकाळपासून आलेला माणूस नेमका पाठ करून पेपर वाचत बसलेला असतो. असल्या माणसाला ते मनसोक्त हसत.

"माझी गाडी गेली का?" त्यांनी विचारलं. "या दोन महिन्यांत?"

डॉक्टरने क्षणभरही इकडेतिकडे पाहिलं नाही. "माहीत नाही," ती म्हणाली.

कंट्रोलर तिच्याकडे बघतच राहिले. तिने ते इतकं सरळ सांगितलं होतं, आणि त्यांना खिडकी फोडावीशी वाटली नाही. उलट चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याशी खरं बोललं असं वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बाकडी," ते पुटपुटले. डॉक्टरला कळलं नाही, पण बाईंना कळलं. नोकरीच्या सुरुवातीला फलाटावर बाकडी टाका म्हणून त्यांनी वरिष्ठांशी वर्षभर वाद घातला होता. साहेब म्हणायचे, लोक गाडीसाठी येतात, बसायला नाही. कंट्रोलर म्हणायचे, साहेब, बसलेला माणूस गाडी आल्यावर जास्त नेटाने चढतो. शेवटी बाकडी आली, आणि घरी येऊन त्यांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की बाईंना पाठ होती.

पुढचा तासभर डॉक्टर कामात होती. तिने इस्पितळात फोन करून खरे आकडे कळवले. टेबलावर दोन उशा रचून, त्यांवर हात टेकून पुढे झुकून बसायला शिकवलं. पिशवीतून पंजाएवढा पंखा काढला आणि सांगितलं, जीव घाबरला की हा चेहऱ्यावर धरायचा. धाप हलकी करणारं थेंबांचं औषध प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारून सुरू केलं, पहिल्यांदा अगदी थोडं. हे सगळं झाल्यावर तिने कापसाचा बोळा पुढे केला आणि म्हणाली, "काका, ओठ पुसा. रंग छान आहे, पण तुम्हाला जरा गडद होतो."

मग तिने बाईंना विचारलं, "काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?"

चौदा महिन्यांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. "हे नुसतं 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणतात," त्या म्हणाल्या, "म्हणून मला रडतासुद्धा येत नाही. माझ्याशी खोटं बोलतात आणि मी सगळं खरं धरते." एवढं बोलून त्या आत गेल्या. या वेळी नळ सुरू झाला नाही.

त्या संध्याकाळी कंट्रोलर उशांवर टेकून पाऊण तास सलग झोपले. चार दिवसांत थेंबांचं औषध चांगलंच लागू पडलं आणि त्यांचं वाक्य सहा शब्दांपर्यंत गेलं. शुक्रवारी इस्पितळातून फोन आला, सोमवारी नव्याने तपासण्यांना या, आकडे बदलल्यामुळे तुमचा पुन्हा विचार करायचा आहे. मेव्हणा आला आणि "मी म्हटलंच होतं, यादीत आजारी माणसालाच पुढे घेतात" असं म्हणून दोन कप चहा पिऊन गेला.

पण बाई बोलत नव्हत्या. म्हणजे 'औषध घ्या', 'पाय उचला', 'चहा ठेवलाय' एवढं बोलत, त्यापुढे एक शब्द नाही. नळी ओलांडताना पूर्वी त्या काहीतरी कुरकुरत, ती कुरकुरही बंद झाली. कंट्रोलरांना आता श्वास बऱ्यापैकी येत होता, आणि घरात मात्र गुदमरायला होत होतं.

"अगं, रागावलीस?" त्यांनी शुक्रवारी विचारलं.

"यादीचं काय ते डॉक्टर बघून घेतील," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही माझं बघताय. सगळ्या जिन्याला सांगत सुटले होते मी."

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी, उजेड अजून खिडकीत होता, कंट्रोलरांनी चिमटा आपल्या बोटाला लावला. पंच्याऐंशी. लाल पेनाने पंच्याऐंशी लिहिले, खाडाखोड न करता. मग पट्टी घेतली आणि त्या पानावर उभी रेघ मारून शेजारी आणखी एक रकाना आखला.

"अगं," त्यांनी हाक मारली. "जरा बोट दे."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. "आता कशाला? तुमची दहा आहेत ना?"

"तुझं बघायचंय."

मग बाई दारात आल्या. चेहरा फुगलेलाच होता, पण हात त्यांनी सवयीने पुसून आणला होता. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि बोट पुढे केलं, तोंड दुसरीकडे ठेवून. सत्त्याण्णव, नाडी शहाऐंशी. कंट्रोलरांनी त्यांचा हात डाव्या हातात धरूनच दोन्ही आकडे नव्या रकान्यात लिहिले.

"नाडी जरा जास्त आहे," ते म्हणाले. "जेवलीस का दुपारी?"

"हे कुणाला पाठवायचेत?"

"कुणाला नाही. हे माझ्यासाठी."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली, मग फोनवर, आणि चौदा महिने जो प्रश्न त्यांनी जिभेवर येऊ दिला नव्हता तो त्यांनी विचारला.

"अहो, कधी येईल हो गाडी?"

सवयीने 'दहा' हा शब्द कंट्रोलरांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी चिमटा काढून वहीवर ठेवला आणि हात मात्र त्यांच्या हातातच राहू दिला.